शाळा तर आली, मग आमच्या मुली अडतात कुठे?

वाचकाचं पत्र:

‘मी एका दुर्गम भागातल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. मी लहान होते तेव्हा या भागात चौथीच्या पुढे वर्ग नव्हता. आता सातवीपर्यंत शाळा आहे आणि पट पूर्ण भरलेला असतो. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, “बाई, तुमच्याकडे आता एकही मूल शाळाबाह्य नाही. प्रश्न सुटला.” पण गेल्या वर्षी सातवी झालेल्या माझ्या मुलींपैकी निम्म्याही आठवीला गेल्या नाहीत. जी मुलं जातात, ती शहरातल्या मुलांच्या शेजारी बसली की गप्प होतात. पालक मलाच विचारतात, “शिकून काय झालं?” मी कुठे कमी पडतेय का? मला आता शहराजवळ बदली मिळू शकते. घरचे म्हणतात, घे. माझा पाय निघत नाही. काय करू?’

बाई, तुम्ही कमी पडत नाही आहात. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात ओळीओळीत तीच धास्ती दिसते. मुलं नाव घालून रोज वर्गात येतील हे पाहणं तुमच्या हातात होतं, ते तुम्ही केलंत. मुली जिथे अडल्या, ती जागा तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर आहे.

साहेब खोटं बोलले नाहीत. त्यांच्या तक्त्यात पटनोंदणीचा रकाना असतो आणि तो भरला. पण एखाद्या भागात शिक्षण पोचलं की नाही, हे पहिलीच्या पटावरून ठरत नाही. पहिलीत आलेली मुलं कुठवर टिकली आणि पुढे कुठे गेली, यावरून ते ठरतं. हा हिशोब फारसा कुणी ठेवत नाही, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

तरीही शाळा आली याचं मोल कमी लेखू नका. ‘इमारती बांधून काय होतं’ असं म्हणणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका. इंडोनेशियाच्या सरकारने १९७३-७४ पासून पाचेक वर्षांत सुमारे ६१ हजार प्राथमिक शाळा बांधल्या, आणि ज्या जिल्ह्यांत शाळेबाहेरची मुलं जास्त, तिथे जास्त शाळा दिल्या. ७ ते १२ वर्षांच्या मुलांपैकी शाळेत जाणारी मुलं १९७३ मध्ये ६९ टक्के होती, ती १९७८ पर्यंत ८३ टक्के झाली. एस्तेर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी पुढे या मुलांचा माग काढला. त्यांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे शाळा जास्त बांधल्या, तिथली मुलं जास्त वर्षं शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढलेली दिसली. तुमच्या भागात चौथीची सातवी झाली, तेव्हा असंच काहीतरी घडलं आहे. ते दिसायला अजून थोडी वर्षं लागतील.

मग पालकांना तसं का वाटत नाही? याचं उत्तर आयर्लंडच्या एका अभ्यासात सापडतं. तिथे १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं. सगळ्यांना वाटलं, आता गरिबाघरचं मूलही पुढे जाईल. गेलंही. एड्रियन राफ्टरी आणि मायकेल हाउट या दोघा अभ्यासकांनी विसाव्या शतकातल्या आयरिश मुलांचे शिक्षणाचे टप्पे तपासले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला. जागा वाढल्या की सगळेच एकेक पायरी वर चढतात, पण वरच्या आणि खालच्या थरांतलं अंतर मात्र तसंच राहतं. वरच्या थरातली जवळजवळ सगळी मुलं एखाद्या पायरीवर पोचली की मगच त्या पायरीवरचं अंतर कमी व्हायला लागतं. तोवर ही मुलं पुढच्या पायरीवर गेलेली असतात आणि अंतर तिथे उभं राहतं.

त्यांचा अभ्यास सामाजिक वर्गांचा होता, पण प्रदेशांनाही तो तंतोतंत लागू पडतो असं माझं ठाम मत आहे. तुमच्या भागात सातवी सर्वांना मिळाली, त्याच्या कितीतरी आधी शहरातली मुलं बारावी करून बसली होती. नोकरी देणारा जिथे पूर्वी सातवी विचारायचा, तिथे आता बारावी विचारतो. म्हणजे सातवी सगळ्यांच्या हाती आली, तोवर बाजारात तिची किंमत उतरली होती. तुमच्या पालकांनी पोटाला चिमटा काढून जे मिळवलं, ते हातात येईपर्यंत जुनं झालं. ‘शिकून काय झालं’ हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यांनी व्यवहार बरोबर ओळखला आहे. तेव्हा त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटवायला जाऊ नका, ते त्यांना पटलेलंच आहे. ‘तुम्ही म्हणता ते खरं आहे, सातवीवर भागत नाही, म्हणूनच पोरीला आठवीत घालायचं आहे,’ असं बोलून बघा.

आता तुमच्या मुलींचं. सातवीनंतर त्या का थांबतात? भारताचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असं अंतर धरलं आहे. कायद्याची हमी ६ ते १४ वर्षं वयापुरती आहे. नववीच्या शाळेची हमी हा कायदा देत नाही, आणि कागदावर हमी असलेली आठवीही तुमच्या शाळेत नाही. जी मुलगी एक किलोमीटर चालत होती, तिला अचानक पाच-सात किलोमीटर जावं लागतं, तेही अशा वयात की घरच्यांना तिच्या जाण्यायेण्याची सर्वांत जास्त काळजी वाटते. पायरीची उंची आणि वयाची अडचण एकाच ठिकाणी येतात आणि मुलगी घरी राहते. मुलगा तेच अंतर कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून काटतो.

अंतर हेच मूळ दुखणं असेल तर त्यावर इलाज आहे, आणि तो करून पाहिलेला आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा परिणाम मोजला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं होतं, आणि मुलगे-मुलींमधला फरक ४० टक्क्यांनी घटला होता. सर्वांत जास्त फायदा कुठे झाला? जिथून माध्यमिक शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, तिथे. आणखी एक गोष्ट मला या योजनेत महत्त्वाची वाटते. गावातल्या मुली एकत्र, घोळक्याने सायकलवर जाऊ लागल्या. एकटी मुलगी पाठवताना बापाचा जीव खाली-वर होतो, सहाजणी मिळून निघाल्या की त्याला तेवढा घोर राहत नाही. सायकली मिळवणं तुमच्या हातात नसलं, तरी सहा घरांना एका दिवशी एकत्र बसवणं नक्की आहे.

जिथे सायकलनेही जमत नाही, तिथे वसतिगृह लागतं. हे शहाणपण जुनं आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहं उभी केली आणि १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. क्रम बघा. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात राहायला जागा नसेल, तर शहरातली शाळा त्याच्यासाठी नसल्यासारखीच असते, हे त्यांनी सक्तीच्या आधी सोळा वर्षं ओळखलं होतं. तुमच्या मुलींसाठी कोणती वसतिगृहं आहेत, त्यांचे अर्ज कधी सुटतात, कोणते दाखले लागतात, हे तुम्हाला पालकांच्या आधी ठाऊक असायला हवं. निकाल लागल्यावर दाखल्यांसाठी धावाधाव सुरू झाली की उशीर झालेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘मुदत संपली’ हे शब्द इतक्या वेळा असतात की आता ते वाचले की संताप येतो. हुशार मूल एका कागदापायी वर्षभर घरी बसतं.

तुमची मुलं शहरात गेली की गप्प होतात, असं तुम्ही लिहिलंत. ते मला सर्वांत जास्त लागलं. याचं एक कारण त्यांच्या शाळेत आहे आणि त्यात तुमचा दोष नाही. पट वाढतो, पण शिक्षक आणि खोल्या त्या वेगाने वाढत नाहीत. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं, तेव्हा सुमारे तीस लाखांचा पट वर्षभरात पन्नास लाखांच्या पुढे गेला. मुलं आली ही मोठीच गोष्ट, पण एकेका शिक्षकासमोर एवढी मुलं बसली की शिकवणं आणि वर्ग सांभाळणं यांत शिकवणं मागे पडलं. तुमच्याकडे याच अडचणीचं छोटं रूप आहे. दोन शिक्षक आणि सात इयत्ता. पाचवीला फळ्यावर अपूर्णांक चालू असतात, तेव्हा सहावी पुस्तकातला धडा उतरवत बसते, सातवी पाढे म्हणते आणि तिकडे कुणी चुकलं तरी ते ऐकायला कुणी नसतं. शहरातल्या मुलाला चुकल्याबरोबर कुणीतरी सांगतं. इतकी वर्षं हा फरक साठत गेला की आठवीत पोचलेल्या मुलीला वाटतं, आपल्यालाच येत नाही. मग ती तोंड उघडत नाही.

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल लुकास यांनी २००१ मध्ये हेच वेगळ्या बाजूने मांडलं. एखादी पायरी सगळ्यांना मिळाली की भेद नाहीसा होत नाही, तो त्या पायरीच्या आत शिरतो. दाखल्यावर इयत्ता एकच दिसते, आतलं शिक्षण वेगळं असतं. दुर्गम भागातल्या कितीतरी हायस्कुलांत विज्ञान शाखा नसते, किंवा शाखा असते आणि गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी असते. तिथल्या मुलीने कला शाखा ‘निवडली’ असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्यासमोर दुसरं काय होतं हेही विचारायला हवं.

एका खोलीत अनेक इयत्ता असतील तर काय करता येतं, याचं एक उत्तर कोलंबियातून आलं आहे. १९७० च्या दशकात शिक्षणतज्ज्ञ व्हिकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास लहान ग्रामीण शाळांसाठी ‘एस्कुएला नुएवा’ म्हणजे नवी शाळा ही पद्धत उभी केली. मुलांच्या हातात स्वतः शिकता येतील अशा मार्गदर्शक पुस्तिका असतात, ती लहान गटांत बसतात, आपापल्या गतीने पुढे सरकतात, आणि शिक्षक एका गटाकडून दुसऱ्याकडे फिरतो. मोठी मुलं धाकट्यांना मदत करतात. तुम्हाला सगळी पद्धत उचलायची गरज नाही. दिवसातला एक तास इयत्ता विसरा आणि वाचता येण्याच्या पातळीप्रमाणे मुलांचे गट करा. अक्षरं जोडणारी एकीकडे, वाक्य वाचणारी दुसरीकडे, गोष्ट वाचणारी तिसरीकडे. भारतात ‘प्रथम’ संस्थेने पातळीनुसार शिकवण्याची ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली आहे, आणि त्याचा फायदा होतो हे पडताळूनही पाहिलं गेलं आहे. आणि गप्प राहण्यावर एक साधा उपाय आत्ताच सुरू करा. सातवीच्या प्रत्येक मुलीला रोज काहीतरी उभं राहून सगळ्यांसमोर सांगू द्या, तिच्या घरच्या बोलीत चालेल. बोलीला हसणारं कुणी नाही, ही सवय तुमच्या वर्गात लागली तरच पुढच्या वर्गात ती तोंड उघडेल.

हे सगळं करायच्या आधी मात्र एक दुपार बाजूला काढा आणि शाळेचं जनरल रजिस्टर घेऊन बसा. सात-आठ वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्या मुलांचं पान उघडा. प्रत्येक नावासमोर तीन गोष्टी लिहा: शाळा कधी सोडली, सोडताना कितवीत होतं, आणि आज कुठे आहे. पहिल्या दोन गोष्टी रजिस्टरमध्ये मिळतील. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं सापडेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. दाखला नेला म्हणजे मूल पुढच्या शाळेत गेलंच असं नसतं. तिसरी गोष्ट घरी विचारून लिहावी लागेल. कुणी कामाला लागलं असेल, कुणाचं लग्न झालं असेल, कुणी दोन महिने जाऊन परत आलं असेल. ते एक पान पूर्ण झालं की तुम्हाला आणि गावाला पहिल्यांदाच कळेल, गळती नेमकी कुठे आहे. मुली सातवीला थांबत असतील तर अंतर बघा. मुलगे नववीत नापास होऊन परत येत असतील तर पाया बघा. दोन्ही दुखण्यांना एकच औषध चालत नाही.

पुढच्या तपासणीला ते पान साहेबांसमोर ठेवा, भांडणाच्या सुरात अजिबात नको. गाव आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सह्यांचा अर्ज सोबत जोडा आणि त्यात एकच नेमकी मागणी करा: आठवीचा वर्ग जोडा, किंवा वाहनाची सोय करा, किंवा रिकामी जागा भरा. तिन्ही एकदम मागितलं की एकही मिळत नाही, असं मला इतरांच्या अनुभवांवरून दिसलं आहे. कोणती मागणी करायची ते तुमचं पानच सांगेल.

गळतीच्या पलीकडेही एक पायरी आहे, तिच्याबद्दल थोडक्यात. चीनने १९९९ पासून विद्यापीठातल्या जागा झपाट्याने वाढवल्या. पण तिथे प्रवेशाच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात, त्यामुळे बीजिंगमध्ये वाढलेल्या मुलाला नामांकित विद्यापीठाचं दार जितकं उघडं असतं तितकं मागास प्रांतातल्या मुलाला नसतं. गरीब भागांसाठी वेगळ्या जागा ठेवायला २०१२ पासून सुरुवात करावी लागली. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९७ मध्ये कायदा केला की प्रत्येक हायस्कुलातल्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेश मिळेल, शाळा कोणतीही असो. मला ही कल्पना फार न्याय्य वाटते, कारण त्यात मुलाची तुलना त्याच्यासारख्याच परिस्थितीत शिकलेल्या मुलांशी होते. तुमची मुलं तिथवर पोचतील तेव्हा हे प्रश्न येतील. आज आठवी गाठायची आहे.

आता बदली. तुमच्या घरच्यांवर रागावू नका. त्यांना तुमची काळजी आहे, आणि दुर्गम भागात राहून शिकवणं कष्टाचं आहे हे त्यांना दिसतं. माझं मत असं की एका बाईच्या त्यागावर एखाद्या भागाचं शिक्षण उभं राहू नये. जिथे हे काम नीट झालं, तिथे ते व्यवस्थेने केलं. जपानने १९५४ मध्येच दुर्गम भागांतल्या शिक्षणासाठी वेगळा कायदा केला आणि तिथल्या शिक्षकांना विशेष भत्ता दिला. तिथे शिक्षक आपल्या प्रांतात ठरावीक काळाने एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात. दक्षिण कोरियातही काही वर्षांनी बदली होतेच, आणि दुर्गम शाळेत काम केलं तर बढतीसाठी गुण मिळतात. म्हणजे लांबच्या शाळेत जाणं ही शिक्षा नसते आणि उपकारही नसतो, नोकरीतला एक टप्पा असतो. फिनलंडने सगळ्या मुलांना एकत्र शिकवणारी नवी समान शाळा आणायचं ठरवलं, तेव्हा १९७२ मध्ये सुरुवात उत्तरेकडच्या विरळ वस्तीच्या लॅपलंडपासून केली. राजधानी हेलसिंकीच्या भागात ती १९७७ मध्ये, सर्वांत शेवटी आली. आपल्याकडे नवी गोष्ट शहरात आधी येते आणि उरलीसुरली लांब पोचते. हे उलट करता येतं हे त्यांनी दाखवलं आहे.

तेव्हा बदली घ्यायची असेल तर घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. पण माझं ऐकणार असाल तर या वर्षी नको. आत्ता सातवीत असलेली तुकडी आठवीत बसवा आणि मग जा. त्यासाठी तुम्हाला एवढं एक वर्ष लागेल, आणि ते असं वापरा: दिवाळीच्या आधी रजिस्टरचं पान पुरं करा, सुट्टीनंतर सातवीच्या पालकांना एकत्र बसवा, जानेवारीत मुलांना घेऊन पुढची शाळा दाखवून आणा. तिथल्या बाईंची आणि या मुलींची नावानिशी ओळख झाली पाहिजे. वर्ष संपायच्या आत दाखले आणि अर्ज तयार ठेवा. शाळा उघडण्याच्या पहिल्या दिवशी मुलींसोबत कोण जाणार, तेही आधीच ठरवा. घरी आजारपण किंवा लहान मूल असेल, आणि हे एक वर्षही थांबणं शक्य नसेल, तर तुमच्या सहशिक्षकाला हा सगळा बेत लिहून द्या, पालकांची नावं आणि फोन नंबर यांसह. नवीन येणाऱ्या शिक्षकाला ते कागद पहिल्याच दिवशी मिळाले पाहिजेत.

गेल्या वर्षी ज्या मुली आठवीला गेल्या नाहीत, त्यांचं वय अजून शाळेत बसण्याचं आहे. उशिरा आलेल्या मुलाला त्याच्या वयानुसार वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा करून द्यायचा, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे. आठवी त्या कायद्याच्या आतच येते. त्यांच्या घरी या आठवड्यात जा.